पन्नास मीटर

बायथलॉनची गोळी आणि आमची गोळी एकच, पॉइंट टू-टू. अंतरही तेच, पन्नास मीटर. साइटही त्याच जातीची. भिंग नसलेली, बारीक छिद्रातून पाहायची. पण आमचा नेमबाज लेनवर येतो तो खुर्चीत बसून, पाणी पिऊन, जॅकेटची बटणं सावकाश लावून. बायथलॉनवाली मुलगी येते ती बर्फातून दोन-अडीच किलोमीटर स्की मारून, पाठीवर साडेतीन किलोंहून जड रायफल घेऊन, छातीचा भाता झालेला असताना. समोर पाच काळ्या चकत्या, हातात पाच गोळ्या. जितक्या चुकतील तितक्या वेळा १५० मीटरचा जादा फेरा मारायचा, आणि काही शर्यतींत त्याऐवजी प्रत्येक चुकीला एक मिनिटाचा दंड. पडून मारायची चकती ४५ मिलीमीटरची, उभ्याने मारायची ११५ मिलीमीटरची. आमच्या पन्नास मीटरच्या टार्गेटवरचं सगळं काळं वर्तुळ मिळून साधारण तेवढंच भरतं. आमचा दहाचा गोल मात्र त्याच्या मधोमध, अवघा १०.४ मिलीमीटरचा.

मी मूळची मिरजेची. कॉलेजात एनसीसीमुळे नेमबाजीला लागले, राज्य पातळीपर्यंत खेळले, लग्नानंतर फरीदाबादला आले आणि इथलीच झाले. एका शाळेच्या तळघरात दहा मीटरची रेंज आहे, तिथे एअर रायफल शिकवते. थोडी तयार झालेली मुलं घेऊन दिल्लीतल्या तुघलकाबादच्या डॉ. कर्णी सिंग रेंजवर जाते आणि स्पर्धा असल्या की तिथेच तांत्रिक अधिकारी म्हणून उभी राहते. एनसीआरमध्ये अशा तळघरातल्या रेंजा आता ठिकठिकाणी झाल्या आहेत. गुडगाव, नोएडा, फरीदाबाद, कुठेही जा. एखाद्या इमारतीखाली चार लेन, चार मशिनं आणि फळ्यावर लिहिलेले स्कोअर दिसतील.

हिवाळ्यात बायथलॉन बघणं हा आमच्या घरचा नेम. ओबरहोफला किंवा रूपोल्डिंगला दुपारचे अडीच वाजतात तेव्हा इकडे संध्याकाळचे सात झालेले असतात. क्लास संपलेला असतो, बाहेर धुकं उतरलेलं असतं, खोलीत हीटर लावलेला असतो. सुरुवातीला मी एकटीच बघायची. मग शिकायला येणाऱ्या मुलींनाही बसवू लागले, कारण नाडीचा धडा यापेक्षा चांगला कुठेच मिळत नाही.

नाडीचं म्हणजे असं. प्रोनमध्ये, पोटावर पडून नेम धरताना, डाव्या दंडाला स्लिंग आवळलेली असते. दंडातली रक्तवाहिनी त्या पट्ट्याखाली दबते आणि तिचा ठोका पट्ट्यातून थेट रायफलीत उतरतो. पुढच्या साइटचं कडं टुकटुक उडताना दिसतं. नव्या मुलीला पहिल्यांदा ते दिसलं की ती रायफलच बिघडली म्हणते. मग मी तिला पट्टा दोन बोटं वर सरकवायला लावते, जॅकेटच्या आतला स्वेटर जाड घालायला सांगते आणि पुन्हा झोपवते. उडणं कमी होतं, पण जात नाही. दोन ठोक्यांच्या मधल्या निवांत क्षणी ट्रिगर सुटावा, यासाठी आमची सगळी खटपट असते. बायथलॉनमध्ये तो निवांत क्षण नसतोच. रेंजवर येताना नाडी मिनिटाला १६०च्या पुढे असते. तशातही त्या बायका आडव्या होतात, दोन श्वास सोडतात आणि अर्ध्या मिनिटाच्या आत पाचही चकत्या पाडून पुन्हा स्कीवर उभ्या राहतात. आमच्या मुली दहा मीटरवर एकेका गोळीला मिनिट लावतात, त्यांनी हे बघायलाच हवं.

त्यातही माझं मन बसलं ते लॉरा डालमायरवर. जर्मनीच्या दक्षिण टोकाला आल्प्सच्या पायथ्याशी गार्मिश-पार्टेनकिर्शेन नावाचं गाव आहे, तिथली ही मुलगी. जन्म १९९३चा. २०१४ साली सोची ऑलिंपिकला गेली तेव्हा वीस वर्षांची होती. पण मला ती कळली २०१७च्या फेब्रुवारीत, ऑस्ट्रियातल्या होखफिल्त्सेनच्या जागतिक स्पर्धेत. तिथे तिने पाच सुवर्णपदकं आणि एक रौप्य मिळवलं. सहा शर्यती, सहा पदकं. त्याच हंगामात विश्वचषकाचा एकूण विजेतेपदाचा काचेचा गोलही तिलाच मिळाला. पुढच्या वर्षी प्याँगचँग ऑलिंपिकमधली तिची स्प्रिंट शर्यत आम्ही सगळ्या जणींनी मिळून पाहिली. वाऱ्याने सगळ्यांची दैना केली होती. तिच्या दहाच्या दहा गोळ्या लागल्या. दोन दिवसांनी पर्सूटमध्येही सुवर्ण. एकाच ऑलिंपिकमध्ये स्प्रिंट आणि पर्सूट दोन्ही जिंकणारी ती पहिली स्त्री. वर वैयक्तिक १५ किलोमीटरचं कांस्य.

तिचं पोस्चर मला फार आवडायचं. रायफल पाठीवरून काढून खांद्याला लागेपर्यंत एकही हालचाल वाया जात नसे. गालाचं हाड स्टॉकवर दर वेळी त्याच जागी येई. बोल्ट मागेपुढे करायला अंगठा आणि एक बोट, मनगट जागच्या जागी. हे सगळं थकलेल्या शरीराने करायचं असतं. मी मुलींना व्हिडिओ थांबवून थांबवून दाखवायची: बघ, गाल उचलला का? नाही ना? मग तू का उचलतेस?

आणखी एक गोष्ट मला तेव्हाच जाणवली. ती जर्मन कस्टम्स खात्याच्या स्की संघातली होती. तिकडे हिवाळी खेळाडूंना लष्कर, पोलीस, कस्टम्स नोकरीत घेतात आणि सरावाला मोकळं ठेवतात. आपल्याकडे रेल्वे हेच करते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला आणि १ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचं कांस्य घेऊन आला. नेमबाजी हा पगाराशिवाय टिकणारा खेळ नाही. एका गोळीची किंमत मोजून पाहिली की हे कुणालाही पटेल. रायफलींचं तर सगळं जर्मनीतच आहे. बायथलॉनच्या बहुतेक मोठ्या खेळाडूंच्या पाठीवर जी आन्शूट्झ असते ती उल्म शहरातली, आणि आमच्या मुली जिच्यासाठी आईवडिलांकडे हट्ट धरतात ती वॉल्थरही तिथलीच.

आता मुद्द्याची गोष्ट.

माझ्याकडे एक मुलगी यायची. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, बदली होऊन दिल्लीला आलेले, मूळचे साताऱ्याकडचे. मला ती मावशी म्हणायची, तिचे आईवडील ताई. शांत पोरगी, उंच, खांदे रुंद, रायफल धरण्यासाठीच बनवल्यासारखी. सहावीत असताना आली. दहावीपर्यंत तिचे एअर रायफलचे स्कोअर राष्ट्रीय ट्रायल्सला पात्र ठरण्याइतके झाले, आणि क्लबच्या रायफलीवर पन्नास मीटरही सुरू झालं. तिला एक सवय होती. प्रत्येक सरावानंतर वहीत सगळं उतरवून काढायची: स्कोअर, वारा, उजेड, कुठल्या लेनवर होती, झोप किती झाली. दशांशासकट. मी कुणालाही असं करायला सांगितलं नव्हतं. बाकीची मुलं फोनवर स्कोअरचा फोटो काढत, ही पेनाने लिहीत बसे.

२०१९च्या मे महिन्यात, बारावीच्या उंबरठ्यावर, तिने घरी सांगितलं की मला आता नेमबाजी नको.

त्याच महिन्यात लॉरा डालमायरने निवृत्ती जाहीर केली होती. पंचविसाव्या वर्षी. आदल्या हंगामात आजारपणामुळे तिच्या सुरुवातीच्या शर्यती हुकल्या होत्या, पण ती परत आली होती, मार्चमधल्या जागतिक स्पर्धेत पदकंही मिळवली होती. कुणी तिला काढलं नव्हतं. स्पर्धेसाठी जी पूर्ण ओढ लागते ती आता आपल्यात उरली नाही, एवढंच तिचं कारण. तिच्या शेजारच्याच वाल्गाउ गावची माग्डालेना नॉयनर, दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं आणि तीनदा विश्वचषक जिंकून, २०१२ साली पंचविसाव्याच वर्षी थांबली होती. त्या देशाला हे नवीन नव्हतं. आमच्या क्लासमध्ये मात्र खळबळ झाली. ती बातमी आमच्या ग्रुपवर टाकली होती याच मुलीने.

तिचे वडील मला भेटायला आले ते रेंजवर. रविवार होता. मे महिन्यात तुघलकाबादला दुपारी जो वारा सुटतो तो सोसणं सोपं नाही. रेंजच्या भोवती सगळी अरावलीची खडकाळ जमीन, विलायती बाभळी, पलीकडे असोला भट्टीचं अभयारण्य. मोर ओरडत असतात, माकडं कॅन्टीनच्या पत्र्यावर उड्या मारतात. पन्नास मीटरच्या रेंजवर वाऱ्याचे झेंडे लावलेले असतात, ते सरळ आडवे झाले होते. आम्ही मागच्या बाकावर बसलो. ते म्हणाले, “ताई, तुम्हीच त्या जर्मन मुलीचं वेड लावलंत पोरांना. तिच्याकडे दोन सुवर्णपदकं आहेत, ती काहीही करू शकते. आमच्या हिच्याकडे काय आहे?”

प्रश्न खरा होता. मी लगेच काही बोलले नाही. तेच पुढे म्हणाले, “कोल्हापूरची तेजस्विनी बघा. अडतीस वर्षांची आहे, अजून खेळते. तिने सोडलं असतं तर?”

तेजस्विनी सावंतचं नाव त्यांनी घेतलं हे बरं झालं, कारण तिची कारकीर्द मी जवळून पाहिली आहे. जवळून म्हणजे ओळखीने नव्हे, पण ज्या रेंजवर ती खेळली त्या रेंजच्या मागच्या बाकावरून. ८ ऑगस्ट २०१०ला तिने म्युनिकमध्ये पन्नास मीटर रायफल प्रोनमध्ये जागतिक अजिंक्यपद मिळवलं. नेमबाजीत जगज्जेती होणारी ती पहिली भारतीय स्त्री. दोनच महिन्यांनी दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या तेव्हा मी तुघलकाबादला स्वयंसेवक होते. १९८२च्या आशियाई स्पर्धांसाठी बांधलेली ती रेंज नव्याने उभी राहिली होती. रंगाचा वास अजून गेला नव्हता. पंचवीस मीटरवर खडकीची अनीसा सय्यद आणि कोल्हापूरची एकोणीस वर्षांची राही सरनोबत यांनी जोडीचं सुवर्ण घेतलं, मग वैयक्तिकमध्ये अनीसाला सुवर्ण, राहीला रौप्य. प्रोनमध्ये तेजस्विनीला रौप्य मिळालं. त्या आठवड्यात दिल्लीच्या रेंजवर इतकं मराठी ऐकू आलं की मला कोल्हापुरातल्या दुधाळीच्या मैदानावर बसल्यासारखं वाटत होतं.

तेजस्विनी जगज्जेती झाली त्या प्रकाराची एक गोम होती. स्त्रियांचा पन्नास मीटर प्रोन हा प्रकार ऑलिंपिकमध्ये नाहीच. म्हणजे जगात पहिली येऊनही ऑलिंपिकचं दार उघडत नाही. त्यासाठी तिला थ्री पोझिशनमध्ये पात्र व्हावं लागणार होतं: गुडघ्यावर, पडून आणि उभ्याने. तिन्हींमध्ये उभ्याची पोझिशन सगळ्यात निर्दय. कंबरेचं हाड, कोपर, पाठीचा कणा, सगळं एका रेषेत आणून शरीराने स्वतःलाच टेकू द्यायचा. प्रोनमध्ये घडलेल्या नेमबाजाला ती पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागते. तिने ती आत्मसात केली. २०१२ गेलं, २०१६ गेलं. २०१८ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत थ्री पोझिशनचं सुवर्ण आलं. साताऱ्याचे गृहस्थ माझ्याशी बोलत होते तेव्हा ऑलिंपिक अजूनही दूर होतं.

मी त्यांना म्हटलं, “दादा, तेजस्विनीला रोज सकाळी रायफल उचलावीशी वाटते, म्हणून ती खेळते. लॉराला वाटेनाशी झाली, म्हणून ती थांबली. दोघींनी एकच गोष्ट केली आहे. तुमच्या मुलीला सकाळी उठल्यावर काय वाटतं ते तिला विचारलंत का?”

विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर फार थोडे आईबाप विचारतात. जॅकेट, ट्राउझर, बूट, पेलेटचे डबे, फी, ट्रायल्ससाठी भोपाळची, पुण्याची, तिरुअनंतपुरमची तिकिटं. या सगळ्याचा हिशोब घरात चालू असतो आणि मुलीला तो ऐकू येत असतो. मग ती थांबायचं म्हणते तेव्हा घरच्यांना पैसे बुडाल्यासारखे वाटतात. मला त्यांचा राग येत नाही. पगारातून एवढं काढणारा बाप काही चुकीचं मागत नसतो. पण पदकं मिळवून मगच थांबण्याचा हक्क मिळतो, हा विचार मला अजिबात मान्य नाही. लॉराने थांबायला कुणाची परवानगी मागितली नाही, आणि तिच्याकडे एकही पदक नसतं तरी तिचं कारण तितकंच खरं राहिलं असतं.

मुलगी त्या दिवशी शेवटच्या लेनवर होती. बाप जाऊन तिच्याशेजारी उभा राहिला. त्यांचं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. जूनपासून ती आली नाही. तिचं जॅकेट मी विकत घेतलं, बटणं सरकवून दुसऱ्या एका मुलीला दिलं.

नंतरची काही वर्षं भराभर गेली. नोव्हेंबर २०१९मध्ये दोहाच्या आशियाई स्पर्धेत तेजस्विनी थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत चौथी आली आणि तिला टोकियोचं तिकीट मिळालं. मला त्या रात्री साताऱ्याच्या गृहस्थांचा फोन आला. आवाजात तक्रार नव्हती, आनंदच होता. कोविडने ऑलिंपिक पुढे ढकललं. २०२१च्या मार्चमध्ये दिल्लीत विश्वचषक झाला. मास्क, चाचण्या, रिकामी प्रेक्षागॅलरी. पंचवीस मीटर पिस्तुलाच्या अंतिम फेरीत तिन्ही पदकं भारताची होती: चिंकी यादव सुवर्ण, राही सरनोबत रौप्य, मनू भाकर कांस्य. चिंकी आणि राही बरोबरीत आल्या होत्या, शूट-ऑफमध्ये एका गोळीने निकाल लागला. तेव्हा राही तिशीत पोचली होती. कोपराच्या दुखापतीनंतर ती संपली असं किती जणांनी म्हटलं होतं! तिच्या पुनरागमनामागे प्रशिक्षक मुंखबयार दोर्जसुरेन होत्या. जन्म मंगोलियातला, पुढे जर्मन नागरिक. १९९२ला बार्सिलोनात मंगोलियासाठी कांस्य, १६ वर्षांनी बीजिंगमध्ये जर्मनीसाठी पुन्हा कांस्य, मध्ये दोन्ही देशांकडून एकेकदा जगज्जेत्या. अशा बाईने शिकवलेली राही २०१८ला पालेम्बांगहून आशियाई क्रीडा स्पर्धांचं सुवर्ण घेऊन आली. नेमबाजीत वैयक्तिक आशियाई सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री.

२०२१च्याच उन्हाळ्यात, टोकियोत, तेजस्विनी चाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये उतरली. ३३वी आली. बातम्यांत दोन ओळी आल्या. मला मात्र ते तीन पोझिशनचे दोन-अडीच तास विसरता येत नाहीत. जगज्जेतेपदानंतर ११ वर्षांनी, ज्या पोझिशनने तिला बाहेर ठेवलं होतं त्याच पोझिशनमध्ये, ती शांतपणे एकेक गोळी मारत होती. अंतिम फेरी हातातून गेली आहे हे तिला कळत असणार. तरी एकही गोळी घाईत गेली नाही.

आणि मग २०२५चा जुलै. लॉरा डालमायर काराकोरममध्ये, पाकिस्तानच्या हद्दीतल्या लैला शिखरावर चढत होती. निवृत्तीनंतर ती पूर्ण वेळ डोंगरांतच होती. प्रशिक्षित पर्वत मार्गदर्शक, आपल्या गावच्या पर्वत बचाव पथकाची सदस्य, शिवाय जर्मन टीव्हीवर बायथलॉनची तज्ज्ञ. २८ जुलैला सुमारे ५,७०० मीटर उंचीवर तिच्यावर दगड कोसळले. बरोबरच्या साथीदारीणीने मदत मागवली, दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर वरून फिरलं, पण जिवंतपणाची काही खूण दिसली नाही. ३० तारखेला मृत्यू जाहीर झाला. वय ३१. आपलं शरीर खाली आणण्यासाठी कुणीही जीव धोक्यात घालू नये, असं तिने आधीच लिहून ठेवलं होतं. ते तिथेच राहिलं.

मी त्या दिवशी क्लास घेतला नाही. मुलींना सांगून टाकलं की आज गोळीविना कोरडा सराव घरीच करा. संध्याकाळी साताऱ्याच्या गृहस्थांचा फोन. ते आता निवृत्त होऊन गावी राहतात. बातमी त्यांनीही वाचली होती. म्हणाले, “ताई, राग मानू नका, पण खेळ सोडला नसता तर वाचली असती पोरगी.”

मला ते पटलं नाही आणि मी तसं सांगितलं. ती डोंगरांत खेळ सोडल्यावर गेली नव्हती. लहानपणापासून चढत होती, वडीलही डोंगरातलेच. शर्यतींच्या मोसमाआधी, शर्यतींच्या मोसमानंतर ती कड्यांवरच असायची. बायथलॉन तिच्या आयुष्यातला एक लांब, फार सुंदर टप्पा होता, पण आयुष्य त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं होतं. शरीराबद्दल ज्या मुलीने असं लिहून ठेवलं, तिने धोका मोजलेला होता. बचाव पथकातल्या माणसांच्या जिवाचं मोल तिला ठाऊक होतं, कारण ती स्वतः त्या कामाला जात होती. हे मी त्यांना बराच वेळ सांगत होते. शेवटी माझाच आवाज चढला. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “तुमचं खरं असेल. बाप म्हणून मला तसं वाटलं, एवढंच.”

त्यावर मी काय म्हणणार? त्यांचंही खरंच होतं.

मुलीची चौकशी केली. ती पुण्यात आहे, संख्याशास्त्र शिकून एका कंपनीत लागली आहे. सुट्टीत गावी आली की डोंगरवाटा धुंडाळते, पाटेश्वर, अजिंक्यतारा, कधी वासोटा. रायफल पुन्हा हातात घेतली नाही. तसं दुःखही तिच्या बोलण्यात कधी आलं नाही. लॉराची बातमी कळल्यावर तिने वडिलांना फोन करून सांगितलं होतं की मावशीला फोन करा, तिला वाईट वाटलं असेल. म्हणून त्यांनी केला होता.

फोन ठेवण्याआधी ते म्हणाले, “तिच्या त्या वह्या अजून माळ्यावर आहेत. टाकून द्यायला जीव होत नाही. तुम्हाला काही उपयोग आहे का?”

मी मागवून घेतल्या. कुरियरने आल्या, खाकी कागदात बांधलेल्या. क्लासच्या कपाटात ठेवल्या आहेत आणि मुलींना वाचायला देते. दहा मीटरच्या नोंदींचा आता फारसा उपयोग नाही, रायफली बदलल्या, मशिनं बदलली. पण तुघलकाबादच्या पन्नास मीटर रेंजबद्दल तिने जे लिहून ठेवलं आहे ते अजून चालतं. मे महिन्यात दुपारी तीननंतर जवळचा झेंडा पडलेला असतो आणि टार्गेटजवळचा उडत असतो, तेव्हा लांबच्या झेंड्यावर विश्वास ठेवायचा आणि साइट दोन क्लिक डावीकडे घ्यायची. नोव्हेंबरच्या धुरकट सकाळी काळं वर्तुळ करडं दिसतं, पुढचं कडं एक नंबर मोठं घालायचं. गेल्या महिन्यात एका मुलीने ते करून पाहिलं आणि तिचा प्रोनचा स्कोअर चार गुणांनी वाढला. तिच्या नावापुढे फळ्यावर तो मी मोठ्या अक्षरात लिहिला आणि खाली वहीवालीचं नावही लिहिलं.